समुद्रसपाटीवरचा काटा

रत्नागिरीत टोपात ठेवलेलं पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं. पुण्यात ते ९८च्या आसपास उकळतं, महाबळेश्वरला तर ९५-९६लाच. चहाच्या चवीत यानं फारसा फरक पडत नाही. पण साठ वर्षांपूर्वीच्या एमजी किंवा ट्रायम्फ या इंग्रजी गाड्यांवरचा टेम्परेचर मीटर तपासायला बसलं की किनाऱ्यावर राहण्याचा हा फायदा ध्यानात येतो. टोपभर विहिरीचं पाणी, त्यात बुडवलेला मीटरचा पितळी बल्ब आणि डायलवर २१२ फॅरनहाइटला आलेला काटा. प्रमाण म्हणून एवढं पुरतं.

हाच समुद्र तो मीटर खातही असतो. क्रोमच्या रिंगखाली गंज, पितळेच्या नटांवर हिरवा कळंक, काचेच्या आतून बुरशी, स्पीडोमीटरच्या ॲल्युमिनियमच्या वाटीवर मिठासारखी पांढरी भुकटी. घाटावर वर्षानुवर्षं गोठ्यात उभ्या राहिलेल्या गाडीचे मीटर कधीकधी नुसते पुसून चालू होतात. खाडीलगतच्या पडवीत चार पावसाळे काढलेल्या गाडीचे उघडावेच लागतात.

त्या काळच्या साध्या गाडीला कारखान्यातून वेगाचा मीटर, पेट्रोलचा काटा आणि एक-दोन दिवे एवढंच मिळे. ऑइलचा दाब पडल्याचा लाल दिवा लागेपर्यंत बेअरिंगनं मान टाकलेली असायची, वरातीमागून घोडं. म्हणून ज्यांना गाडी पळवायची हौस होती ते डॅशबोर्डखाली पत्र्याची पट्टी ठोकून त्यात जादा मीटर बसवत: ऑइल प्रेशर, पाण्याचं तापमान, अँपिअर, व्हॅक्यूम (इंजिन हवा ओढतं त्या ओढीचा). इंग्लंडच्या स्मिथ्सचे, जर्मनीच्या व्हीडीओचे, इटलीच्या वेलिया बोरलेत्तीचे, अमेरिकेच्या स्टुअर्ट-वॉर्नरचे. भोक बहुतेकांचं ५२ मिलीमीटरचं. त्यामुळे एकाच पट्टीत तीन देशांचे तीन मीटर अशी खिचडीही पाहायला मिळते, आणि ती त्या काळाला धरूनच आहे.

‘ओरिजिनल’ या शब्दावरून मंडळी हमरीतुमरीवर येतात. माझं म्हणणं साधं आहे. डायल, काटा, केस (मीटरची बाहेरची डबी) आणि आतली यंत्रणा त्या काळची हवी. वायसर, दिवा, काचेखालचं रबर, नळीतलं ईथर या झिजायच्या-उडायच्याच वस्तू. त्या बदलल्यानं मीटर बाटत नाही. उलट नवी डायल चिकटवून लखलखीत केलेला आणि ८५ अंशाला ९५ दाखवणारा मीटर ही शोभेची बशी. वेल्समधल्या केरबॉण्ट कंपनीत आजही स्मिथ्स नावाचे नवे मीटर बनतात. चांगले असतात, रोजच्या वापराला खुशाल लावावेत. फक्त ते १९६२चे म्हणून कुणाला विकू नयेत.

शोधाची पहिली जागा म्हणून सगळे मुंबईच्या चोर बाजाराकडे बोट दाखवतात. तिथे मीटर दिसतात खरे, पण बाहेरून चमकवलेल्या रिंगचा दाम आतल्या यंत्रणेच्या नावानं मोजावा लागू शकतो. त्यापेक्षा मुंबई-गोवा रस्त्यावरच्या जुन्या गॅरेजांचे माळे बरे. गाडी विकताना काढून ठेवलेले मीटर पत्र्याच्या पेटीत, जुन्या प्लगांच्या आणि कार्ब्युरेटरच्या जेटांच्या संगतीत पडलेले असतात. भंगारातल्या स्टँडर्ड हेरल्डकडेही काणाडोळा करू नये. ट्रायम्फ स्पिटफायर १९६२ साली आली ती हेरल्डचीच चॅसी आखूड करून, आणि हेरल्ड आपल्याकडे मद्रासला बनत होती.

मीटर हातात आला की आधी डायलच्या तळाची बारीक अक्षरं वाचावीत. स्मिथ्सच्या खुणा सरळ आहेत. ‘पीएल’ म्हणजे दाबाचा मीटर, ‘बीटी’ म्हणजे विजेवर चालणारा तापमानाचा, ‘बीएफ’ पेट्रोलचा, ‘जीडी’ म्हणजे एकाच डायलमध्ये दाब आणि तापमान दोन्ही, ‘आरव्हीआय’ टॅकोमीटर, म्हणजे इंजिनचे फेरे दाखवणारा, ‘एसएन’ स्पीडोमीटर. पुढचा आकडा कुठल्या गाडीसाठी ते सांगतो. तो गाडीच्या पार्ट्सच्या यादीशी ताडून पाहावा. व्हीडीओवाल्यांनी काम आणखी सोपं करून ठेवलंय. केसच्या पाठीवर महिना आणि साल ठोकलेलं असतं. १९६५च्या गाडीत १९७१चा मीटर निघाला, तर तो नंतर कुणीतरी बसवलेला.

मग मीटर हळूच डावी-उजवीकडे कलता करावा. काटा थोडा डुलून जागेवर आला तर आतलं जिवंत आहे. डुलला आणि अडकला तर गंज किंवा बुरशी, सुटण्यासारखी. मुळीच हलला नाही तर भाव पाडून घ्यावा. डायलच्या दोन स्क्रूंच्या खाचा खरवडलेल्या दिसल्या म्हणजे आधी कुणीतरी आत हात घातलेला आहे. आणि यांत्रिक टेम्परेचर मीटरचं शेपूट, म्हणजे मागून निघणारी केसासारखी बारीक तांब्याची नळी, पाहावं. गाडीतून काढताना दहातल्या नऊ जणांनी ते पक्कडीनं छाटलेलं असतं, कारण इंजिनमधला बल्बचा नट निघत नव्हता. शेपूट छाटलेला मीटर जवळजवळ फुकट मिळतो. तो घ्यावाच, कारण त्याला दुसरं शेपूट जोडता येतं.

पण आधी तो उघडावा लागतो. स्मिथ्सची रिंग आतून छोट्या जिभांनी केसच्या काठाखाली अडकलेली असते. ती थोडी फिरवून जिभा काठाच्या खाचांसमोर आणल्या की रिंग वर येते. खाऱ्या हवेत मात्र जुनं रबर दगड झालेलं असतं आणि रिंग गंजानं चिकटलेली. पक्कड लावली की ती लंबगोल झालीच म्हणून समजा. रिंगच्या खाली सांध्यावर सुईनं शिवणयंत्राच्या तेलाचे थेंब सोडावेत, मीटर काच खाली करून रात्रभर ठेवावा, सकाळी केस सुकवायच्या ड्रायरनं रिंग सगळीकडून सारखी तापवावी. मग टेबलावर जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा पसरून त्यावर रिंग दाबायची आणि वरून केस फिरवायची. चारदा करावं लागलं तरी चारदा करावं. व्हीडीओची रिंग केसवर वळवून दाबलेली असते. ती बोथट स्क्रूड्रायव्हरनं पाच-पाच मिलीमीटर उकलत न्यावी लागते आणि बहुधा पुन्हा बसत नाही. नवी रिंग हातात असल्याशिवाय तिला हात लावू नये.

उघडण्याच्याही आधी एक गोष्ट. डायलवरचे आकडे आणि काटा यांवर जाडसर, उंचावलेला, मोहरीच्या चटणीसारखा तपकिरी-पिवळा लेप दिसला आणि मीटर १९६०च्या आधीचा असला, तर तो रेडियमचा असू शकतो. अंधारात चमकत नाही म्हणजे निरुपद्रवी झाला, ही समजूत चुकीची. थकलेलं असतं ते चमकणारं झिंक सल्फाइड. रेडियमचं अर्धायुष्य १६०० वर्षांचं आहे. दमट हवेत हा लेप पापुद्रे सोडतो, आणि धोका आहे तो त्या भुकटीचा, ती श्वासात किंवा पोटात जाण्याचा. असा मीटर जेवणाच्या टेबलावर उघडू नये, लेप खरवडू नये, घासू नये, फुंकर तर मारूच नये. काच शाबूत असेल तर मीटर बंदच ठेवून मागच्या बाजूनं होईल तेवढं काम करावं. सुंदर दिसणाऱ्या डायलच्या मोहापायी इथे शहाणपण सोडणारे लोक आहेत. त्यांच्या वाटेला जाऊ नये.

साध्या रंगाची डायल असेल तर सफाई अगदी कमी. बुरशी आधी कोरड्या मऊ ब्रशनं झाडायची. डाग राहिला तर कापसाचा बोळा डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून, पिळून, डायलवरून फक्त लोटायचा, घासायचा नाही. स्पिरिट, थिनर, पेट्रोल यांनी छापलेले आकडे अक्षरशः बोळ्यावर उतरतात. सहाचा आकडा अर्धा गेलेली डायल पाहिली की आधीच्या माणसानं कशानं पुसली ते विचारावं लागत नाही. थोडा पिवळेपणा, एखादा डाग राहू द्यावा. काटा मात्र पुन्हा रंगवायला हरकत नाही, पण एकच पातळ हात. जाड रंगानं काट्याचा तोल जातो. केसच्या आतला पांढरा रंग काळवंडला असेल तर तिथे मॅट पांढरा मारावा. रात्री डायल उजळते ती या रंगावरून परतलेल्या उजेडानं. ते न करता २.२ वॅटच्या जागी मोठा दिवा लावला की डायल भाजते.

आता शेपटाचं काम. नळीत आणि टोकाच्या बल्बमध्ये ईथर असतं, ते ३४.६ अंशाला उकळतं. बल्ब तापला की ईथरच्या वाफेचा दाब नळीतून मीटरमधल्या चपट्या, वाकड्या बूर्दाँ ट्यूबमध्ये जातो, ट्यूब किंचित उलगडते, काटा फिरतो. तापमानाबरोबर हा दाब सारख्या मापानं वाढत नाही. म्हणूनच डायलवर खालचे आकडे दाटीवाटीनं आणि वरचे ऐसपैस असतात. यातच दुरुस्तीची किल्ली आहे. ईथर भरलेलं कुठलंही शेपूट त्याच तापमानाला तेवढाच दाब देणार, मग ते कुठल्याही मीटरचं असो. जुन्या ट्रॅक्टरचा यांत्रिक टेम्परेचर मीटर घ्या, किंवा मिरकरवाड्याला, हर्णैला बोटींची इंजिनं दुरुस्त होतात तिथून एखादा मिळवा. आधी गरम पाण्यात त्याचा काटा चढतो ना, ते पाहा. चढला तर शेपूट जिवंत आहे.

ईथरला बर्फात बसवल्याशिवाय नळी कापायची नाही. बंदरावर चुऱ्याचा बर्फ मिळतो. तीन भाग बर्फ, एक भाग जाडं मीठ (शिरोड्याच्या मिठागराचं असलं तर कोकणची लाज राखल्यासारखं होईल), थर्मासमध्ये कालवायचं आणि बल्ब त्यात बुडवून अर्धा तास ठेवायचा. ईथर सगळं थंड टोकाला गोळा होतं. बल्ब खाली, कापायचं टोक वर. काम संपेपर्यंत बल्ब बाहेर काढायचा नाही.

मधल्या वेळात जोड तयार करायचा. नळीवर जेमतेम सरकेल एवढ्या आतल्या व्यासाचा २५ मिलीमीटर लांबीचा तांब्याचा किंवा पितळेचा तुकडा. जुन्या मीटरकडची नळी अंगठाभर ठेवून बारीक कानशीनं गोल खाच पाडायची आणि हातानं मोडायची. पक्कडीनं कापली तर भोक चेपतं आणि मग तासभर डोकं धरून बसावं लागतं. नव्या शेपटाची नळी त्याच्या मीटरच्या जवळून तशीच मोडायची. दोन्ही टोकं बारीक पॉलिशपेपरनं लखलखीत करायची. आणि इथे थांबून एकदा पाहायचं: मूळ मीटरचा बल्बचा नट आणि नळीवरची स्प्रिंगसारखी वेटोळी जाळी नळीवर ओवलीत का? ती डाख देण्याआधी ओवायची असतात. हा घोळ जाणते लोकही करतात. जोड झकास होतो, नट टेबलावर राहतो.

दोन्ही टोकं तुकड्याच्या मध्यावर एकमेकांना भिडवायची, म्हणजे डाख आत घुसून भोक बुजवत नाही. फ्लक्स काडीच्या टोकानं, नावापुरता. डाख विजेच्या ६० ते १०० वॅटच्या लोखंडानं. गॅसची ज्योत किंवा ब्लो लँप चुकूनही नाही. ईथरची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरपटत जाते आणि ठिणगी मिळाली की पेटते. म्हणून हे काम खळ्यात, वाऱ्यात, विडीवाल्यांना लांब बसवून. लोखंडही प्लगवर तापवून घ्यायचं आणि जोडाशी आणताना प्लग काढायचा.

जोड निवला की बल्ब बर्फातून काढून कोमट पाण्यात आणि जोडही पाण्याखाली. बुडबुडे आले तर परत बर्फ. नाही आले तर टोपात पाणी उकळायचं, बल्ब दोरीनं टांगायचा, तळाला टेकू द्यायचा नाही, शेजारी थर्मामीटर. उकळत्या पाण्यात काटा २१२च्या दोन-चार अंश मागे-पुढे असेल तर नशीब चांगलं. जास्त फरक असेल तर काटा काढून पुन्हा बसवायचा. दोन चमचे काट्याच्या दोन बाजूंना, खाली पोस्टकार्डाचा तुकडा, आणि सरळ वर. मात्र तो १०० अंशाला नाही, ८५ला बसवावा, कारण गाडी चालते तिथे. नंतर १०० आणि ६० पाहून घ्यायचं. तळाचे आकडे चुकत असतील तर नळीत हवा शिरली आहे. थोडी चालते. काटा थंड असतानाच वर बसला असेल तर काम पुन्हा.

ऑइल प्रेशर मीटर त्या मानानं गरीब गाय. त्यालाही बूर्दाँ ट्यूब असते, पण आत येतं ते इंजिनचं ऑइलच. सायकलच्या पंपावर खात्रीचा प्रेशर गेज लावून २०, ४० आणि ६० पीएसआयला ताडून पाहावा. गळती बहुधा मागच्या नटात होते, कारण तिथला कातड्याचा छोटा वायसर फेकून कुणीतरी टेफ्लॉन टेप गुंडाळलेली असते. वहाणा शिवणाऱ्याकडून दीड मिलीमीटरचं मऊ कातडं आणावं, पंचानं वायसर पाडावा, रात्रभर इंजिन ऑइलमध्ये भिजत घालावा. आट्यांची एक गंमत लक्षात ठेवावी. इंग्रजी मीटरचे आटे सहसा अष्टमांश बीएसपी (ब्रिटिश पाइपचे आटे), इंचाला २८. अमेरिकी स्टुअर्ट-वॉर्नरचे अष्टमांश एनपीटी (अमेरिकी पाइपचे आटे), इंचाला २७. दोन-तीन वेढे एकमेकांत छान जातात, मग घट्ट होतं आणि पान्हा लावणाऱ्याला वाटतं, मस्त बसलं. पितळेचे आटे तिथेच मेलेले असतात. आपल्या नळाच्या दुकानात मिळतं ते बीएसपी, म्हणजे इंग्रजी मीटरवाल्यांचं निभतं.

अँपिअर मीटर तपासायला इंजिन बंद ठेवून ४५ वॅटचे दोन हेडलाइट लावावेत. ९० भागिले १२, साडेसात अँपिअर उतार दिसला पाहिजे. मागच्या दोन खुंट्यांवर कळंक असेल तर तो पूर्ण काढून पितळेचेच वायसर लावावेत. गाडीचा जवळजवळ सगळा प्रवाह या खुंट्यांतून जातो आणि सैल, कळकलेली खुंटी तापून वायर पेटवू शकते. डायनॅमो काढून मोठा अल्टरनेटर बसवला असेल तर दोन्ही बाजूंना तीसच अँपिअरपर्यंत जाणारा ३०-०-३०चा मीटर त्या वाटेत ठेवूच नये.

विजेवरचे ‘बीटी’, ‘बीएफ’ मीटर १२ व्होल्टवर चालत नाहीत. मागे व्होल्टेज स्टॅबिलायझर नावाची डबी असते. ती आतल्या द्विधातू पट्टीनं प्रवाह तोडत-जोडत सरासरी १० व्होल्ट देते. डबीचा अर्थ, म्हणजे गाडीच्या पत्र्याशी असलेली विजेची जोडणी, गेला की सगळे काटे एकदमच चढतात. किनाऱ्यावर हे फार होतं, कारण डबी ज्या पत्र्याला स्क्रूनं अर्थ केलेली असते तोच गंजलेला असतो. दोन्ही मीटर एकाच वेळी जास्त दाखवू लागले तर मीटर न उघडता तो स्क्रू घासावा.

‘आरव्हीआय’ टॅकोमीटरमध्ये कॉइलकडे जाणारी वायर मीटरच्या पाठीवरच्या ठोकळ्यातून वळसा घेते. वळसा उलटा पडला की काटा हलत नाही. एमजीच्या एमजीबी या गाडीला १९६७च्या अखेरीस ऋण अर्थ आला, म्हणजे बॅटरीचं धन टोक सोडून ऋण टोक पत्र्याला जोडलं जाऊ लागलं. त्याआधीचा धन अर्थाचा टॅकोमीटर नंतरच्या गाडीत नुसता अडकवून चालत नाही, आतल्या जोडण्या बदलाव्या लागतात. स्पीडोमीटरबद्दल एकच: डायलवरचा १००० किंवा तसा आकडा म्हणजे मैलाला केबलचे फेरे. गाडी १६.०९ मीटर, म्हणजे मैलाचा शंभरावा भाग, सरळ ढकलायची, केबलच्या आतल्या तारेला कागदाची पताका लावून फेरे मोजायचे आणि शंभरानं गुणायचं. गिअरबॉक्स किंवा टायर बदललेल्या गाडीत हा हिशेब हमखास चुकलेला सापडतो.

मीटर बंद करायचा दिवसही निवडावा लागतो. आगोटीच्या घाईत, मेअखेरीला, घामेजल्या हवेत काच बसवली की ती हवाच आत कोंडली जाते आणि पहिल्या सरीला काचेवर आतून दव. पौष-माघातली मतलई वाऱ्याची सकाळ उत्तम. उघडा मीटर लाकडी खोक्यात ४० वॅटच्या दिव्याखाली दोन तास ठेवून ऊन-ऊन असतानाच रिंग चढवावी. काचेखाली नवं रबरच घालावं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन लावू नये. सुकताना ते ॲसेटिक ॲसिड सोडतं आणि खाऱ्या हवेनं जे चार वर्षांत केलं असतं ते आतल्या पितळेवर चार महिन्यांत होतं. रिंगला क्रोम चढवायला देताना खाली निकेलचा जाड थर सांगावा, आणि घासणाऱ्याला जिभा सांभाळायला. जिभा पातळ झालेली रिंग पुन्हा पकडत नाही.

मीटर बसले की चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून यावा. खाली समुद्रालगत धडधाकट इंजिनाचा व्हॅक्यूम मीटर आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) १७ ते २१ इंच पारा दाखवतो. वर, साधारण दोन हजार फुटांवर, तोच दोन इंचांनी उतरलेला दिसतो, कारण हजार फुटांमागे साधारण एक इंच कमी होतो. तिथे टोपात पाणी उकळून पाहिलंत तर टेम्परेचर मीटरही २०८च्या आसपासच थांबेल. दोन्ही बरोबर आहेत. काटा काढायचे चमचे घरीच ठेवून यावेत.